पगार थांबला की विनरेटही बदलतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नोकरी सोडून पूर्णवेळ ऑनलाइन पोकर खेळावे का, असे विचारणाऱ्या तरुणांना सहसा दोनच उत्तरे मिळतात. घरचे म्हणतात, हा जुगार आहे, विषय बंद. सोबत खेळणारे म्हणतात, जिंकतोयस ना, मग अडलंय कुठे? पहिले उत्तर ऐकून मुलगा घरात बोलायचा थांबतो, डोक्यातला विचार काही जात नाही. दुसऱ्या उत्तरात हिशेबाची एक मोठी चूक आहे. नोकरी सांभाळून नीट जिंकणारा खेळाडू त्याच टेबलांवर, तितकेच चांगले खेळूनही, राजीनाम्यानंतर बुडू शकतो. ते कसे, हे आकड्यांनिशी मांडायचे म्हणून पत्र लांबले आहे. सांभाळून घ्यावे.

आधी कायद्याचे. पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळणे काही देशांत परवान्याखाली चालते, काही ठिकाणी पूर्ण बंद आहे, आणि नियम मधूनच बदलतातही. आपण राहतो तिथे बंदी असेल तर पुढचा हिशेब करूच नये. व्हीपीएन लावून दुसरीकडून खेळत असल्याचे भासवणाऱ्याचे खाते गोठते, शिल्लक जप्त होते, आणि तक्रार करायची तर स्वतःचाच नियमभंग आधी कबूल करावा लागतो. पुढचे सगळे, जिथे खेळ कायदेशीर आहे तिथल्या माणसासाठी आहे.

पोकरमधली कमाई तासांवर किंवा दिवसांवर मोजत नाहीत, डावांवर मोजतात. सहा जणांच्या टेबलावरचा नो-लिमिट होल्डेम हा प्रकार धरू. त्यात पत्ते वाटण्याआधी टाकावी लागणारी मोठी सक्तीची रक्कम म्हणजे बिग ब्लाइंड, खेळाडूंच्या तोंडी बीबी. १०० बीबी म्हणजे एक बाय-इन, टेबलावर बसताना पुढ्यात घ्यायची नेहमीची रक्कम. आणि १०० डावांमागे सरासरी किती बीबी पदरात पडले, तो विनरेट. लहान-मध्यम स्तरावर (स्तर म्हणजे बीबीची रक्कम किती मोठी, ते) ५ चा विनरेट दीर्घकाळ टिकवणारा चांगला खेळाडू समजला जातो. वरच्या स्तरावर २ किंवा ३ सुद्धा मानाचे.

हा ५ चा आकडा रेक, म्हणजे साइटचा वाटा, कापून उरलेला असतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. साइट प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, साधारण ५ टक्के कापते, एका ठरावीक मर्यादेपर्यंत. लहान स्तरावर ही मर्यादा बीबीच्या मापात बरीच उंच असते, म्हणून रेक तिथेच सर्वांत जड पडतो. १०० डावांमागे ६ ते १० बीबी सहज जातात. म्हणजे ५ ने जिंकायचे तर समोरच्या पाच जणांकडून प्रत्यक्षात १३ च्या आसपास काढावे लागतात, त्यातले ८ साइट नेते. समोरचे पाचही जण आपल्याइतकेच शिकलेले असतील, तर त्या टेबलावर साइट सोडून कोणीच जिंकत नाही. म्हणूनच टेबल निवडणे हे पत्ते खेळण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. ज्या टेबलावर निम्म्याहून अधिक डावांत पैसे घालणारा एखादा तरी सैल खेळाडू नाही, तिथून उठावे.

रेकचा काही भाग साइट परत देते, तो रेकबॅक. ८ बीबी रेकवर ३० टक्के रेकबॅक म्हणजे २.४ बीबी, ५ च्या विनरेटच्या जवळजवळ निम्मे. कित्येक पूर्णवेळ खेळाडू टेबलावर जेमतेम बरोबरीत असतात आणि जगतात रेकबॅकवर. पण तो दर साइटच्या हातात असतो. २०१५ च्या अखेरीस पोकरस्टार्स या मोठ्या साइटने सर्वांत वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंना पुढच्या वर्षी मिळायचे लाभ कापले. वर्षभर डावांचे डोंगर उपसून ज्यांनी ती श्रेणी मिळवली होती, त्यांचे पुढच्या वर्षाचे गणित एका घोषणेत कोलमडले. खेळाडूंनी बहिष्कार घातला, तरी निर्णय फिरला नाही. तेव्हा रेकबॅक हिशेबात धरताना निम्माच धरावा.

आता मुद्द्याकडे. ५ चा विनरेट खरोखर ५ आहे, हे कळणार कसे? सहा जणांच्या होल्डेममध्ये १०० डावांमागचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा चढउतार, साधारण १०० बीबी असते, म्हणजे कमाईच्या वीसपट हेलकावा. १०,००० डाव खेळून ५ चा विनरेट दिसला, तर खरा आकडा उणे १५ पासून अधिक २५ पर्यंत कुठेही असू शकतो, ९५ टक्के खात्रीने बोलायचे तर. एक लाख डावांनंतर हीच पट्टी उणे १.३ ते ११.३ अशी होते. लाखभर डाव खेळून आलेखाची रेघ वर गेली, तरी खेळाडू मुळात हरणारा असण्याची शक्यता पूर्ण पुसली जात नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या क्लॉडिको या प्रोग्रामविरुद्ध चार व्यावसायिक खेळाडू मिळून ८०,००० डाव खेळले. माणसे स्पष्ट आघाडीवर राहिली, तरी विद्यापीठाने निकालाला संख्याशास्त्राच्या दृष्टीने बरोबरी म्हटले, आणि त्यावर बराच वाद झाला. जगातल्या उत्तम खेळाडूंची ८०,००० डावांची आघाडीही अशी वादात सापडते. अशा वेळी तीन महिन्यांत ३०,००० डाव जिंकले म्हणून राजीनामा टाइप करणाऱ्याला हात जोडून थांबवावेसे वाटते.

ट्रॅकरमध्ये, म्हणजे डावांची नोंद ठेवणाऱ्या पोकरट्रॅकर किंवा होल्डेम मॅनेजरसारख्या प्रोग्राममध्ये, ऑल-इनच्या (पुढ्यातले सगळे पैसे लावल्याच्या) वेळची जिंकण्याची शक्यता धरून सुधारलेली एक वेगळी रेघ दिसते. तिच्याकडे बघून "माझे नशीब खराब होते, खरा विनरेट जास्त आहे" असे समाधान करून घेतात. ती रेघ फक्त ऑल-इनचे नशीब दुरुस्त करते. चांगल्या पत्त्यांवर समोरच्याकडे त्याहून चांगले पत्ते किती वेळा आले, सैल खेळाडू आपल्या कोणत्या बाजूला बसला होता, हे तिच्यात येत नाही. तिचा उपयोग मर्यादित आहे.

आता महिन्याचा हिशेब मांडू. चार टेबले, प्रत्येकावर तासाला ८० डाव, म्हणजे तासाला ३२०. महिन्यात १२५ तास खेळले की ४०,००० डाव होतात. विनरेट खरोखर ५ असेल तर सरासरी कमाई २,००० बीबी, म्हणजे २० बाय-इन. आणि त्याच महिन्याचे प्रमाण विचलनही २,००० बीबी, म्हणजे २० बाय-इनच! याचा अर्थ, खऱ्या अर्थाने चांगल्या खेळाडूचाही साधारण सहापैकी एक महिना तोट्यात जातो. घरखर्च १० बाय-इन असेल, तर जवळजवळ तीनपैकी एका महिन्यात तो निघत नाही. विनरेट ५ ऐवजी ३ निघाला, तर घरखर्च न निघणाऱ्या महिन्यांचे प्रमाण निम्म्याच्या जवळ जाते.

पगार चालू असताना यातले काहीच टोचत नाही. जिंकलेले २० बाय-इन खात्यात राहतात, घर पगारावर चालते. पगार थांबला की त्याच खात्यातून दर महिन्याला १० बाय-इन बाहेर जातात. म्हणजे भांडवलाच्या दृष्टीने विनरेट ५ राहत नाही, अडीच होतो. खेळ तसूभरही बिघडलेला नसताना.

भांडवल बुडण्याची शक्यता काढायचे एक सूत्र आहे: विनरेट, भांडवल आणि २ यांचा गुणाकार करायचा, त्याला प्रमाण विचलनाच्या वर्गाने भागायचे, आणि आलेल्या संख्येचा ऋण घात e (गणितातला २.७१८ हा स्थिरांक) वर चढवायचा. विनरेट ५ आणि भांडवल ४० बाय-इन, म्हणजे ४,००० बीबी, असेल तर उत्तर येते १.८ टक्के. बिनघोर झोप लागावी असा आकडा. खर्च काढल्यावर विनरेट अडीच धरून तेच सूत्र चालवले की उत्तर १३.५ टक्के, म्हणजे साधारण सातात एक. भांडवल २० बाय-इन असेल तर ३७ टक्के. ४० बाय-इन पुरतात हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो पगार असलेल्या माणसासाठी बरोबर आहे. बिनपगारी माणूस तोच सल्ला पाळतो आणि फसतो.

यावर लगेच उत्तर येते, की भांडवल कमी झाले तर खालच्या स्तरावर उतरू. नोकरी असताना हा उत्तम उपाय आहे. ४० चे २५ बाय-इन झाले की निम्म्या स्तरावर जायचे, तिथे तेच पैसे ५० बाय-इन होतात, जीव शांत होतो. पण नोकरी नसताना काय होते ते पाहावे. निम्म्या स्तरावर ५ चाच विनरेट धरला तर महिन्याला २० लहान बाय-इन मिळतात, म्हणजे पूर्वीच्या मापात १०. घरखर्चही तेवढाच, १०. हाती उरले शून्य. शून्य विनरेटने हेलकावे खात राहिलेले भांडवल आज ना उद्या तळाला लागतेच. प्रश्न फक्त किती महिन्यांत, एवढाच. शिवाय खालच्या स्तरावर रेक जास्त जड. पूर्णवेळ खेळाडूंच्या घसरणीचा नेहमीचा मार्ग हाच आहे, आणि तो इतका हळू असतो की वर्षभर कोणाला काही लागत नाही.

खर्चाची रक्कम वेगळी ठेवली की चित्र पुष्कळ बदलते. ४० बाय-इन भांडवल आणि सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे आणखी ६० बाय-इन, असे १०० हातात असतील तर अडीचच्या विनरेटवर बुडण्याची शक्यता ०.७ टक्क्यापर्यंत उतरते. पण खरा विनरेट साडेतीन निघाला, तर खर्च वजा जाता उरतो १, आणि याच १०० बाय-इनवर शक्यता पुन्हा १३.५ टक्के. विनरेट दीडने चुकला आणि धोका एकोणीस-वीसपट झाला. लाख डावांनंतरही आपला अंदाज दोन्ही बाजूंना सहा-सहाने चुकू शकतो, हे वर आलेच. म्हणून सहा महिने कमी पडतात. बारा महिन्यांचा खर्च, पोकरच्या खात्यापासून पूर्ण अलग, आणि घरात दुसरे उत्पन्न नसेल तर त्याहून जास्त. घरखर्चात विम्याचे हप्ते, दवाखाना, संगणकाची दुरुस्ती, कर आणि म्हातारपणासाठी बाजूला टाकायची रक्कम धरायची. नोकरीत यातले बरेचसे मालक परस्पर भरतो आणि आपल्याला ते दिसतही नाही. पगाराची स्लिप नसलेल्याला कर्ज मिळणे अवघड होते, घर भाड्याने मिळतानाही प्रश्न विचारले जातात. ही कामे राजीनाम्याआधी उरकावीत.

आणखी एक आकडा. ५ च्या विनरेटचा खेळाडू कोणत्याही एका दिवशी आपल्या आजवरच्या शिखराच्या सरासरी १० बाय-इन खाली असतो. खर्च काढू लागला की भांडवलाचा आलेख सरासरी २० बाय-इन खाली असतो. म्हणजे "मी मागे पडलोय" ही भावना जवळजवळ रोजची. हे पचवता येते का, हा प्रश्न स्वभावाचा वाटतो, पण त्याचे पैशांत रूपांतर कसे होते ते एका डावात दिसते.

बटनवरून, म्हणजे शेवटी खेळायच्या जागेवरून, एकाने अडीच बीबी लावून डाव उघडला, आपण बिग ब्लाइंडच्या जागेवरून इस्पिकची दश्शी आणि बदामचा राजा घेऊन कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे घातले. फ्लॉपवर, म्हणजे सर्वांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, इस्पिकचा राजा, चौकटची अठ्ठी, किलवरची तिर्री. त्याने थोडे लावले, आपण कॉल. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, बदामची पंजी. त्याने पॉटच्या ८० टक्के लावले, आपण कॉल. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पत्त्याला, किलवरची राणी आणि पॉट २४ बीबी. आता तो पूर्ण २४ लावतो. कॉल करायला २४ घालायचे आणि जिंकलो तर रेक वजा जाता ७० येतात. म्हणजे ३४.३ टक्के वेळा तो ब्लफ करत असेल तर कॉल फिटंफाट. छक्की-सत्ती, चौकी-छक्की असे त्याचे स्ट्रेट हुकलेले आहेत, आणि समजा मोजून आकडा ३८ टक्के येतो. मग कॉलची किंमत अधिक २.६ बीबी. शंभरात ६२ वेळा हा कॉल हरतो, तरीही तो बरोबर आहे.

नोकरी असलेला माणूस हा कॉल करतो. भाड्याची तारीख जवळ आलेला माणूस राजा-दश्शीकडे बघतो, "याच्याकडे दोन जोड्या असणार" असे स्वतःला सांगतो आणि पत्ते टाकतो. पत्ते टाकल्यावर त्याला बरेच वाटते, कारण २४ बीबी वाचलेले दिसतात, गेलेले २.६ कुठेच दिसत नाहीत. अशी वेळ ५०० डावांत एकदा आली, तरी महिन्यात ८० वेळा येते, आणि दोन बाय-इन जातात, कमाईचा दहावा हिस्सा. हे झाले एका प्रकारच्या निर्णयाचे. ब्लफ करायचे तिथे न करणे, पातळ व्हॅल्यू बेट (आपले पत्ते जेमतेम पुढे असताना लावायचे पैसे) सोडून देणे, मोठ्या पॉटमधून लवकर निघणे, हे सगळे त्याच भीतीतून येते. ट्रॅकरमध्ये पत्ते न दाखवता जिंकलेल्या पैशांची लाल रेघ असते. पगार थांबल्यानंतर ती पूर्वीपेक्षा जास्त खाली वाकू लागली, तर भीती खेळात शिरली आहे असे समजावे आणि लगेच एक स्तर खाली यावे.

भीतीची दुसरी बाजू टिल्ट. हरलेले परत मिळवायला वेळ वाढवणे, टेबले वाढवणे, वरच्या स्तरावर उडी मारणे. एका बैठकीत तीन बाय-इन गेले की उठायचे, हा नियम बहुतेकांना माहीत असतो. तो का, हे नीट समजून घ्यावे. तीन हरल्यावर पुढचे पत्ते वाईट येतात असे मुळीच नाही. आपण वाईट खेळू लागतो, आणि ते आपल्याला समजत नाही, म्हणून उठायचे. हरलेली रक्कम घरी लपवणे, उसनवारी करून खाते भरणे, दुसऱ्या कामाच्या वेळीही मनात तेच घोळणे, यातले एकही लक्षण दिसले तर व्यवसायाचा विचार तिथेच सोडावा. त्या माणसाला भांडवलाची नाही, मदतीची गरज आहे, आणि ती मागण्यात लाज वाटायचे कारण नाही. भांडवल कर्जाने उभे करणे तर कोणत्याही परिस्थितीत नको. हप्ता हा घरखर्चात मिळवा आणि वरचा हिशेब पुन्हा करून पाहा, काय उरते ते दिसेल.

१२५ तास ऐकायला थोडे वाटतात. ते फक्त खेळण्याचे. चार तास खेळामागे निदान एक तास अभ्यास, म्हणजे आणखी ३०. टेबले शोधणे आणि रांगेत थांबणे वेगळे. सैल खेळाडू आपापल्या कामावरून सुटल्यावर, म्हणजे रात्री आणि सुट्टीच्या दिवशी, खेळायला येतात. त्यामुळे पूर्णवेळ खेळाडूच्या कामाच्या वेळा म्हणजे घरच्यांच्या मोकळ्या वेळा. "स्वतःच्या वेळेचा मालक" होण्यासाठी नोकरी सोडणाऱ्यांनी हे पक्के लक्षात घ्यावे. सकाळी दहाला खेळायला बसले तर समोर सगळे आपल्यासारखेच बसलेले असतात. सामान फार लागत नाही: दोन मोठे पडदे, पाठीला आधार देणारी खुर्ची, वीज गेली तरी चालणारा यूपीएस, आणि दुसऱ्या कंपनीची पर्यायी इंटरनेट जोडणी. मोठ्या पॉटच्या मध्यावर जोडणी तुटली आणि वेळ संपला, तर पत्ते आपोआप टाकले जातात आणि पैसे जातात.

खेळ दिवसेंदिवस कठीण होत आहे, हे तर मोकळेपणी सांगायलाच हवे. अजूनही २००३ चे उदाहरण देणारे भेटतात. ख्रिस मनीमेकर या अकाउंटंटने ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळवला, ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर जिंकले आणि जगभर पोकरची लाट आली. त्या लाटेत आलेले नवखे खेळाडू हीच त्या काळातल्या व्यावसायिकांची कमाई होती. २०१५ पासून सॉल्व्हर नावाचे प्रोग्राम सामान्य खेळाडूच्या संगणकावर आले. कोणत्या स्थितीत कोणता डाव किती टक्के वेळा कसा खेळायचा, हे आता यंत्र सांगते. २०१७ मध्ये लिब्रॅटस या प्रोग्रामने चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले, २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रोग्रामने सहा जणांच्या टेबलावरही तेच केले. चालू डावात यंत्राची मदत घेणे सर्वत्र बंद आहे आणि साइट बॉट, म्हणजे माणसाऐवजी खेळणारे प्रोग्राम, शोधून खाती बंद करतात, तरी चोरून वापरणारे असतात. मुद्दा असा की तीन वर्षांपूर्वीच्या डावांवरचा विनरेट आजच्या टेबलाला लागू करता येत नाही. हिशेबात गेल्या वर्षभराचे, आणि ज्या स्तरावर व ज्या वेळी पुढे खेळायचे त्याच स्तरावरचे आणि वेळेचे डाव धरावेत.

कमाई साइटवर साठवू नये. १५ एप्रिल २०११ रोजी, खेळाडू ज्याला ब्लॅक फ्रायडे म्हणतात, अमेरिकी सरकारने तीन मोठ्या साइटवर कारवाई केली. त्यातल्या फुल टिल्टकडे खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे होते आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी, असे सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडले. अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे परत मिळायला सुरुवात झाली २०१४ मध्ये. जवळजवळ तीन वर्षे ज्यांचे सगळे भांडवल त्या खात्यात अडकले, त्यांचा विनरेट कितीही असून काही उपयोग नव्हता. साइटवर महिनाभराच्या खेळाला लागतील तेवढेच बाय-इन ठेवावेत, बाकीचे दर आठवड्याला बँकेत. पैसे काढायला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागू लागले तर कारण शोधत बसू नये, सगळे काढून घ्यावे.

स्पर्धा खेळणाऱ्यांचे गणित याहून खडतर आहे. हजार जणांच्या स्पर्धेत साधारण १५ टक्के लोकांना बक्षीस मिळते आणि मोठा वाटा पहिल्या तिघा-चौघांकडे जातो, म्हणजे वर्षाची कमाई दोन-तीन निकालांवर ठरते. तिथे १०० ते २०० प्रवेश शुल्कांचे भांडवलही चांगल्या खेळाडूला कमी पडू शकते. म्हणून बरेच जण दुसऱ्याच्या पैशावर, निम्म्या वाट्याने खेळतात. या करारात मेकअप नावाची अट असते: आधीचा तोटा पूर्ण भरून निघेपर्यंत खेळाडूला वाटा मिळत नाही. शंभर प्रवेश शुल्कांचा मेकअप डोक्यावर असलेला माणूस चांगला महिना खेळूनही रिकाम्या हाताने उठतो. करार सोडल्यावर मेकअपचे काय होणार, हे सही करण्याआधी लेखी घ्यावे.

एवढे सगळे वाचूनही ज्याला जायचे आहे, त्याने क्रम असा ठेवावा. नोकरीत असताना निदान दोन लाख डाव, एकाच स्तरावर. महिन्याला १०-१२ हजार डाव धरले तर दीड वर्ष लागते. हे दीड वर्ष ज्याला जड वाटते त्याला पुढचे झेपणार नाही. याच काळात दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पोकरच्या खात्यातून घरखर्चाइतकी रक्कम खरोखर काढून दुसऱ्या बँक खात्यात टाकायची, जणू पगार नाहीच. अर्ध्या वेळच्या खेळातून ती निघणार नाही, भांडवल खाली येईल. पण पैसे बाहेर जात असताना आपण रिव्हरवर कसे वागतो, हे नोकरी शाबूत असताना कळेल, आणि खर्चाचा निधीही उभा राहील. त्यानंतर जमल्यास दोन-तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन पूर्ण तास खेळून पाहावे. एवढ्या डावांत विनरेट सिद्ध होत नाही. पाचव्या तासाला आपला खेळ दुसऱ्या तासासारखा राहतो का, आणि रोज रात्री बसणे घरात चालते का, हे मात्र सिद्ध होते. बैठकीची वही ठेवावी: सुरुवात, शेवट, डाव, रक्कम, आणि शंका आलेले तीन डाव. कर भरतानाही हीच वही लागते.

राजीनामा रीतसर मुदत देऊन, कोणाशी वाकडे न होता द्यावा, आणि आपल्या क्षेत्रातले एखादे लहान काम किंवा शिक्षण चालू ठेवावे. दोन वर्षांची कोरी जागा मुलाखतीत समजावून सांगणे कठीण जाते. आणि परत फिरायची अट आधीच कागदावर लिहावी: एकूण शिल्लक इतक्या बाय-इनवर आली, किंवा खर्चाच्या निधीतून सहा महिने उचलावे लागले, की नोकरी शोधायला लागायचे, खेळ कसाही चालू असो. आकडा स्वतः ठरवावा, पण खेळायला लागण्याआधी. तो कागद घरातल्या ज्या माणसावर या खर्चाचा भार पडणार आहे त्याच्या हाती द्यावा, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच्यासमोर साइटचे खाते, बँकेचे खाते आणि वही, तिन्ही उघडून बसावे.

आपला विश्वासू,
एक वाचक